हिरव्या बटणातली काडी

तासगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मार्च लागला की दुकानापुढं जळक्या मोटारींची रांग लागते आणि वार्निशच्या वासानं शेजारचा चहावाला वैतागतो. त्यातल्या बऱ्याच मोटारी एकाच दुखण्यानं आलेल्या असतात. बोअरचं पाणी तुटलं, मोटार कोरडी फिरत राहिली आणि मालक घरी झोपलेला. लाईट रात्रीची, पॅनेलला ऑटो लावलेला. ऑटो लावू नका म्हणून महावितरण कानीकपाळी ओरडतं, कारण लाईट येताच सगळ्या मोटारी एकदम उचलतात आणि डीपीवर, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो. पण रात्री दोनला बिबट्याच्या भीतीनं रानात कोण जाणार?

पाणी तुटलं की मोटार आपोआप बंद करणारा डबा मी २०१५ मध्ये बनवला. नुसता करंट मोजून हे नीट जमत नाही. इंडक्शन मोटार रिकामी फिरतानाही बऱ्यापैकी करंट ओढते, फक्त त्या करंटाला काम नसतं. व्होल्टेज पुढं आणि करंट मागं राहतो, त्या दोघांमधलं अंतर वाढतं. ते अंतर वाढलं की पॉवर फॅक्टर पडतो, असं डिप्लोमाला आम्ही घोकलं होतं. ते अंतर मोजलं की पाणी आहे की नाही ते कळतं, एवढंच माझं डोकं. जानेवारी २०१६ मध्ये एका शेतकी प्रदर्शनात स्टॉल लावला, ‘पॉवर फॅक्टरवर चालणारा पाणी-रक्षक’ अशी हँडबिलं वाटली आणि तीन डबे विकले.

उन्हाळ्यात तिन्ही डब्यांच्या तक्रारी आल्या, आणि त्याही एकमेकींच्या उलट. दिवसा व्होल्टेज पडलेलं असायचं, ४१५ च्या जागी कधी ३४० च्या आसपास. तेव्हा मोटार कोरडी फिरली तरी डबा गप्प. रात्री व्होल्टेज चढलं की पाणी धो धो पडत असतानाही डबा मोटार बंद करायचा. कारण कळायला मला महिना लागला. व्होल्टेज कमी झालं की रिकाम्या मोटारीचा पॉवर फॅक्टर सुधारतो, जास्त झालं की भरलेल्या मोटारीचाही बिघडतो. एका आकड्यावर भागणार नव्हतं. प्रत्येक मोटारीला, प्रत्येक व्होल्टेजला वेगळा आकडा हवा. तो आकडा डब्याला शिकवणार कोण? मी काय प्रत्येक बोअरवर आठवडाभर मुक्काम ठोकू?

तिसरा डबा ज्यांच्या रानात होता ते तात्या. नात्यानं लांबचे चुलते, शाळा दुसरीपर्यंत. मी त्यांच्या पॅनेलपुढं मीटर लावून बसलो होतो, ते बांधावर तंबाखू मळत होते. मी म्हणालो, ‘तात्या, पाणी पडतंय की नाही हे ह्या डब्याला सांगणारं कुणीतरी पाहिजे बघा.’ ते म्हणाले, ‘बटण दाबणारा गडी पाण्याकडं बघतोय की. पाणी नाय पडलं तर लगेच बंद करतंय. तेच त्याला शिकीव.’

माझ्या पहिल्या पेटंटचा सगळा जीव या तीन वाक्यांत आहे. ऑटोनं किंवा मोबाइल स्टार्टरनं मोटार सुरू झाली तर तिथं बघायला कुणी नसतं. पण पॅनेलवरचं हिरवं बटण हातानं दाबलं, तर दाबणारा माणूस पाइपाकडं बघत उभा असतो. दहा मिनिटांत त्यानं लाल बटण दाबलं नाही, म्हणजे पाणी पडतंय. तेवढ्या वेळेत जे व्होल्टेज असेल आणि जे अंतर असेल ते डब्यानं ‘ओलं’ म्हणून लिहून ठेवायचं. पंधरा-वीस दिवसांत त्या मोटारीचा तक्ता आपोआप भरतो.

पेटंट घ्यायचं कॉलेजातल्या एका मित्रानं डोक्यात घातलं. शहरातला एजंट गाठला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, ‘हे कुठं दाखवलंय का?’ मी अभिमानानं हँडबिल पुढं केलं. त्यानं कपाळाला हात लावला. अर्ज करायच्या आधी आपणच वस्तू चारचौघांत दाखवली, तर आपलंच प्रदर्शन आपल्या नावीन्याच्या मुळावर येतं. केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला बारा महिन्यांची सवलत आहे, आमचं तालुक्याचं प्रदर्शन कुठल्या राजपत्रात येणार? म्हणजे हँडबिलात जे होतं ते गेलं. वाचलं ते फक्त उन्हाळ्यानंतरचं, तात्यांच्या बांधावरचं. डबे नीट चालले असते तर माझ्याकडं मागायला काहीच उरलं नसतं, हे मी अजून मित्रांना हसत सांगतो. हँडबिल लपवूया, कोण बघतंय, असंही मनात येऊन गेलं. एजंट म्हणाला, पेटंट मिळाल्यावरही वर्षभर कुणीही विरोध दाखल करू शकतो, आणि तुमच्या स्टॉलवर हँडबिल घेतलेला प्रत्येक माणूस साक्षीदार आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकला. ऑनलाइन, वैयक्तिक अर्जदार म्हणून सरकारी फी १६०० रुपये. एजंटाची फी वेगळी, तिचा आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही. प्रोव्हिजनलनंतर बारा महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. मी ते शेवटच्या आठवड्यात दिलं, कारण आकृत्या काढायला मला वेळ नव्हता. हंगाम होता. कागद इंग्रजीत किंवा हिंदीत चालतात, मराठीत नाही. ‘पाणी तुटलं’ याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर आमचा अर्धा तास गेला. एजंटानं ‘ड्राय रन’ लिहिलं. ते बरोबरच आहे, पण पाणी तुटणं म्हणजे नुसतं कोरडं होणं नव्हे. आधी पाणी येतं, मग हवा येते, पाइप खोकतो, पुन्हा थोडं पाणी येतं, मग बंद. हे खोकणं मी वेगळ्या परिच्छेदात लिहायला लावलं. पुढं ते कामाला आलं.

अर्जात शोधकर्त्याचं नाव लिहायची जागा असते. अर्जदार वेगळा, शोधकर्ता वेगळा. एजंटानं विचारलं, ‘कल्पना पूर्ण तुमचीच ना?’ मी गप्प बसलो. मग तात्यांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘क्लेम म्हणजे ज्यावर आपण हक्क मागतो ते. ज्याच्या डोक्यातून क्लेममधली गोष्ट निघाली तो शोधकर्ता. सोल्डरिंग कुणी केलं हा प्रश्न नाही.’ तात्यांना विचारायला गेलो तर म्हणाले, ‘मला कागदात घालू नगं, कुठलं कर्ज निघंल.’ तास घालवून समजावलं. त्यांच्या घरच्यांनी नंतर हिस्सा मागितला तर, ही भीती मला नव्हती असं नाही. कागद करून घेतला, विक्रीतला त्यांचा वाटा ठरवला. तात्या सही करत नाहीत. शाईचा पॅड काढून अंगठा घेतला, शेजारी साक्षीदाराची सही. अंगठा उठला तो नुसता काळा गोळा, रेष अशी एकही नाही. तेव्हा मी हसलो होतो.

नंतर वाट बघणं. अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तपासणीसाठी वेगळा फॉर्म १८ भरावा लागतो, त्याची फी ४००० रुपये. अर्ज टाकला की तपासणी आपोआप होते अशी कित्येकांची समजूत असते. हा फॉर्म मुदतीत गेला नाही तर अर्ज मागं घेतला असं मानतात. माझा गेला होता. गडबड दुसरीकडं झाली. तपासणीचा पहिला अहवाल, ज्याला सगळे एफईआर म्हणतात, तो फेब्रुवारी २०२० मध्ये एजंटाच्या मेलवर आला आणि तिथंच पडून राहिला. एजंट धंदा सोडून दुसरीकडं गेला होता. मला कळलं जूनमध्ये, लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं म्हणून अर्जाचा नंबर टाकून सहज संकेतस्थळ बघितलं तेव्हा. उत्तराला सहा महिने असतात, त्यातले चार गेले होते. नवी एजंट बाई पुण्याची. तिनं वकालतनामा करून घेतला आणि पहिलं वाक्य ऐकवलं, ‘दर पंधरा दिवसांनी स्वतःचा अर्ज स्वतः बघत जा.’

एफईआरमध्ये परीक्षकानं पुढं केलेलं पहिलं कागदपत्र अमेरिकन पेटंट ४०५२६४८ होतं. ४ ऑक्टोबर १९७७, शोधकर्ता फ्रँक नोला, नासाच्या मार्शल स्पेस फ्लाइट सेंटरमधले अभियंते. मोटारीवर भार कमी असला की व्होल्टेज आणि करंटमधलं अंतर वाढतं, ते मोजून नोलांचं सर्किट मोटारीचं व्होल्टेज कमी करतं आणि वीज वाचवतं. मी रात्री जागून ते वाचलं. आकृतीतला भाग न् भाग ओळखीचा. मी २०१५ मध्ये मोठ्या तोऱ्यात जे शोधलं होतं ते नासाच्या माणसानं माझ्या जन्माआधी लिहून ठेवलं होतं. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपलेली आहे, म्हणजे ते कुणीही वापरावं. पण मेलेलं पेटंटसुद्धा तुमचं नावीन्य खातं. जे एकदा छापून जगासमोर आलं ते नवं म्हणून मागता येत नाही.

परीक्षकाचं म्हणणं सरळ होतं. नोलांनी व्होल्टेज, भार आणि अंतर यांचं नातं दाखवलंय. मग व्होल्टेजप्रमाणे आकडा बदलणं या विषयातल्या कुठल्याही जाणकाराला सुचेल. मला राग आला. दोन दिवसांनी उतरला, कारण म्हणणं खरंच होतं. एजंट बाईंनी माझे चौदा क्लेम टेबलावर पसरले आणि एकेकाला विचारलं, ‘हा नोलांच्या पलीकडं जातो का?’ अंतर मोजणारा गेला. व्होल्टेजप्रमाणे आकडा बदलणारा गेला. एसएमएस पाठवणारा तर फारच आधी गेला. शेवटी उरला तो तात्यांचा. मोटारीजवळचं बटण हातानं दाबून सुरू केलेली आणि ठरावीक वेळेत हातानं बंद न केलेली फेरीच ‘ओली’ धरून तक्ता भरायचा, ऑटो किंवा फोननं सुरू केलेली फेरी शिकण्यासाठी धरायची नाही. आणि त्या खोकणाऱ्या पाइपाचा परिच्छेद जोडीला. पाणी-हवा-पाणी असं झालं की ती फेरी तक्त्यातून काढून टाकायची. नोलांच्या यंत्राला पाणी आहे की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं, आणि ते व्होल्टेज स्वतः ठरवत होतं. आम्हाला महावितरण देईल ते घ्यायचं होतं.

ऑगस्टमध्ये उत्तर दिलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटंट मंजूर झालं. मंजुरी उशिरा येते तेव्हा तिसऱ्या वर्षापासूनची वार्षिक फी एकदम भरावी लागते. तीन वर्षांचे आठशे-आठशे, म्हणजे २४००. मुदत मात्र ऑगस्ट २०१७ पासूनच मोजतात, वीस वर्षं. वाट बघण्यात गेलेली चार वर्षं त्यातच धरलेली.

दुसरा अर्ज याच्या आधीच, २०१९ मध्ये गेला होता, आणि त्याचं कारण होतं आगपेटीतली काडी.

सामायिक विहिरीवर चार भाऊबंदांच्या पाळ्या असतात. त्यातल्या एकानं हिरव्या बटणात काडी खोचून ठेवली. लाईट आली की बटण दाबलेलंच. माझ्या डब्याला वाटायचं, माणूस उभा आहे, पाणी बघतोय. माणूस तिकडं घोरत पडलेला. डबा कोरड्या फेऱ्या ‘ओल्या’ म्हणून शिकला आणि मोटार जळून माझ्याच दुकानात आली. म्हणून बोटाचा ठसा घेणारं बटण. काडीला बोट नसतं. शिवाय कुणी किती तास मोटार चालवली याची नोंद आपोआप होते आणि बिलाची भांडणं मिटतात, हा आणखी फायदा. बंद करायला मात्र कुणाचंही बोट चालतं, किंवा काठीसुद्धा.

इथं मी मोठ्या घमेंडीत होतो. आमच्याकडच्या हातांना ठसे नीट राहत नाहीत. बेदाण्याच्या हंगामात द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, त्यात बाया-गड्यांचे हात दिवसभर. ऊसतोड, चुना, सिमेंट आहेच. रेशन दुकानात आधारला बोट लागत नाही म्हणून परत आलेली माणसं सगळ्यांनी पाहिलीत. मी प्रत्येक माणसाच्या बोटांप्रमाणे जुळणीची पट्टी वरखाली करणारा हिशेब बसवला होता, दोन बोटं मिळून एक गुण वगैरे. हाच खरा शोध असं मला वाटत होतं. त्या काळात ठशांबद्दल मिळेल ते वाचलं. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या करारावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढं कलकत्त्यात १८९७ मध्ये ठशांचं कार्यालय निघालं, आणि ठशांची वर्गवारी लावण्याचं डोकं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचं होतं. नाव मात्र त्यांच्या वरिष्ठाचं, एडवर्ड हेन्री साहेबाचं लागलं. फॉर्मवरच्या शोधकर्त्याच्या रकान्याकडं मी तेव्हापासून जरा जास्त आदरानं बघतो.

दुसऱ्या एफईआरमध्ये दोन घाव होते. एक पेटंट कायद्याचं कलम ३(के): गणिती पद्धत, अल्गोरिदम, नुसता संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. दुसरा ३(एफ): माहीत असलेल्या वस्तू शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत असेल, तर तो शोध नव्हे. परीक्षकाच्या मते स्टार्टर स्टार्टरचं काम करतोय, ठशाचं यंत्र ठशाचं. एजंट बाईंनी फरीद अल्लानी प्रकरणातला दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पुढं केला, की तांत्रिक परिणाम दाखवता आला तर प्रोग्रॅम आहे एवढ्यावरून शोध नाकारता येत नाही. पण मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘जुळणीच्या गुणांचा हिशेब तुम्ही सोडून द्या. त्यावर जीव लावू नका.’ मी दोन दिवस जेवलो नाही म्हटलं तर बायको हसेल, पण एक वेळ नक्की चुकवली.

उरलं काय होतं? एक बारीकशी युक्ती, जी मी तिसाव्या पानावर लिहून विसरलो होतो. पाळी बदलताना दुसऱ्या गड्यानं मोटार चालू असतानाच बोट ठेवायचं असतं. रानातल्या पॅनेलचं अर्थिंग म्हणजे कोरड्या मातीत खुपसलेली तार. मोटार चालू असली की ठशाच्या सेन्सरवर इतका गोंगाट येतो की रेषांऐवजी मुंग्या दिसतात. माझ्या पहिल्या डब्यात व्होल्टेज शून्यातून कधी जातं हे टिपणारं सर्किट आधीच होतं, अंतर मोजायला तेच लागतं. शून्याच्या आसपास गोंगाट सर्वांत कमी. सेकंदात शंभर वेळा शून्य येतं. दर शून्याला ठशाची एक बारीक पट्टी घ्यायची आणि पट्ट्या जोडायच्या. बस्स.

सुनावणी २०२३ मध्ये व्हिडिओवर झाली. शटर ओढून दुकानातच बसलो, शेजारच्या ग्राइंडरवाल्याला अर्धा तास थांब म्हणून चहा पाजला. बाई बोलत होत्या. कंट्रोलरांनी, म्हणजे निकाल देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्यांनी, शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला: ह्यातून मोटार काढून टाकली तर तुमचं ठशाचं यंत्र तसंच चालेल ना? बाई क्षणभर थांबल्या. मी परवानगी मागून मोडक्या हिंदीत म्हणालो, ‘साहब, मोटर निकाल दी तो शोर ही नहीं रहेगा, फिर मेरी तरकीब की जरूरत ही नहीं. ये तरकीब मोटर के वजह से ही है.’ ते काही बोलले नाहीत, फक्त लिहून घेतलं. पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, त्यात बाईंनी हेच माझं वाक्य चांगल्या इंग्रजीत तीन पानांत लिहिलं. हिशेबाचे सगळे क्लेम काढले. शून्याला ठसा घेणारा एक क्लेम आणि त्याची पिल्लं मंजूर झाली.

आता माझ्याकडं दोन पेटंटं आहेत. पहिल्याची वार्षिक फी सातव्या वर्षापासून २४०० झाली. पेटंट वापरात आहे की नाही हे फॉर्म २७ मध्ये कळवावं लागतं. मी ‘वापरात’ वर खूण करतो, कारण डबे खरंच चालतात, तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात मिळून शंभराच्या आतच आहेत. एका कंपनीचा माणूस येऊन गेला, परवान्याचं बोलला, पुन्हा फोन आला नाही.

२०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर शोधकर्त्याला वेगळं प्रमाणपत्र मागता येतं, फॉर्म ८ए. मी तात्यांसाठी मागितलं. छापून, लॅमिनेट करून त्यांच्याकडं घेऊन गेलो. त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं, ‘ह्यात माझं नाव कुठाय?’ विचारलं, मी बोट ठेवून दाखवलं. मग त्यांनी ते पंचांगाच्या मागं खोचलं.

तेवढ्यात लाईट आली. आम्ही बोअरवर गेलो. तात्यांनी अंगठा ठेवला, लाल दिवा. तर्जनी ठेवली, लाल दिवा. लुंगीला बोट पुसून पुन्हा अंगठा, पुन्हा लाल. ‘तुझ्या यंत्राला मी वळखू येईना,’ असं म्हणून त्यांनी नातीला हाक मारली. तिनं बोट टेकवलं, हिरवा दिवा लागला, मोटार घुमली आणि पोरगी पळाली खेळायला. पाइप दोनदा खोकला. पाणी पडेपर्यंत तात्या तिथंच उभे राहिले.